मार्क मिळतात, पण बोलता येत नाही: स्पॅनिश सोडू का?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

व्यवस्थापनाच्या तीन वर्षांच्या पदवीची दोन सत्रं संपवून एक विद्यार्थिनी माझ्याकडे सल्ल्याला आली होती. "मॅडम, दोन्ही सत्रांत स्पॅनिशला ऐंशीच्या वर मार्क आहेत. पण परवा वर्गात आलेल्या पाहुण्यांनी साधं काहीतरी विचारलं आणि मला दोन वाक्यं जुळवता आली नाहीत. घरचे म्हणतात, तेवढ्या वेळात डेटा अ‍ॅनालिटिक्स शिक. सोडून देऊ का?"

ही तक्रार नेहमीची आहे, आणि बहुतेकदा ती आपल्याला भाषेची देणगी नाही या समजुतीवर येऊन थांबते. त्याआधी तासांचा हिशेब मांडावा. आठवड्याला 4 तास, 15 आठवडे, म्हणजे एका सत्राचे 60. दोन सत्रांचे 120. घरी ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यातच पुस्तक उघडायची, तेव्हा ते तास धरायलाच नकोत. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला कामापुरती स्पॅनिश येण्यासाठी साधारण 600 ते 750 वर्गतास धरते. म्हणजे तिचा जेमतेम पाचवा हिस्सा झाला होता. एवढ्यात पाहुण्यांशी गप्पा मारता आल्या असत्या तर नवल!

मग तिची वही पाहिली. डावीकडे स्पॅनिश शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ, अशी नव्वद पानं. एका पानावर 'मला कॉफी आवडते' यासाठी तिने लिहिलं होतं, 'यो गुस्तो एल काफे'. खाली लाल रेघ. पुढच्या पानावर तीच चूक, पुन्हा लाल रेघ. बरोबर वाक्य आहे 'मे गुस्ता एल काफे'. तिला म्हटलं, इंग्रजी क्षणभर बाजूला ठेव. 'मे' म्हणजे 'मला', 'गुस्ता' म्हणजे 'आवडते', आणि आवडणारी वस्तू कर्ता. पुस्तकं अनेक असली की आपण 'आवडतात' म्हणतो, तसं तिकडे 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. ती हसली. "हे तर मराठीच आहे की!"

अगदी मराठी नाही, पण इंग्रजीच्या वळशाने जाण्यात तिने वर्षभर उगाच त्रास काढला होता. 'मी घर बघते' पण 'मी बहिणीला बघते' हा फरक मराठीत आपण न शिकता करतो. स्पॅनिशमध्ये माणसाच्या आधी येणारा 'आ' जवळपास तेच काम करतो: 'वेओ ला कासा', पण 'वेओ आ मि एर्माना'. नामांची लिंगं पाठ करायला तिकडे दोनच आहेत, आपण तीन सांभाळतो. त, द आणि र हे उच्चार जिभेवर आहेतच. 'उस्तेद' या आदरार्थी सर्वनामाबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी का येतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तो शब्द 'वुएस्त्रा मेर्सेद' या जुन्या संबोधनातून आला. समोरच्यालाच 'साहेबांनी बसून घ्यावं' म्हणतो ना, तसला प्रकार. आणि पुढे ज्या विध्यर्थी रूपांपाशी बरेच जण गळतात, तिथेही 'तू यावंस असं मला वाटतं' हे वाक्य हाताशी असलं की 'किएरो के वेंगास' परकं वाटत नाही. 'असणे' यासाठी तिकडे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र मराठी पूर्ण साथ देत नाही. 'एस्तोय आबुर्रिदा' म्हणजे मी कंटाळले आहे, 'सोय आबुर्रिदा' म्हणजे मी कंटाळवाणी आहे. हे वाक्यं घोकूनच बसतं.

ठरलं ते असं. वहीत तिसरा रकाना, मराठीचा. रोज 45 मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस: 15 मिनिटं ऐकणं, 15 मिनिटं ऐकलेलं मोठ्याने म्हणून फोनवर रेकॉर्ड करणं, उरलेली 15 आदल्या दिवशीच्या चुकांची. रविवारी एकदम चार तास बसायचं नाही, कारण तोवर आठवडाभरातलं निसटलेलं असतं. आठवड्याचे साडेचार तास, वर्षाचे 48 आठवडे, म्हणजे 216. उरलेल्या दोन वर्षांचे 432, त्यात चार सत्रांचे 240 आणि झालेले 120. बेरीज 792. परीक्षेच्या महिन्यात निदान ऐकण्याची 15 मिनिटं चालू ठेवायची. तिथे पूर्ण खंड पडला की पुन्हा सुरुवात करणं जड जातं.

दुसरी गफलत अशी की तिच्या डोक्यात स्पॅनिश आणि व्यवस्थापन हे दोन वेगळे कप्पे होते. ताळेबंद तिला येतो, मग 'आक्तिवो', 'पासिवो' आणि 'पात्रिमोनिओ नेतो', म्हणजे मालमत्ता, देणी आणि भागधारकांचं भांडवल, हे शब्द वेगळे शिकायला किती वेळ लागणार? इंडिटेक्ससारख्या स्पॅनिश कंपनीचा वार्षिक अहवाल दोन्ही भाषांत मिळतो. आधी इंग्रजी पान, मग तेच स्पॅनिश, आठवड्याला एकच पान. आकडे ओळखीचे असल्यामुळे वाक्यं उलगडत जातात.

आकड्यांचीही एक खोच आहे. तिच्या सरावाच्या इनव्हॉइसवर 1.500 युरो होते आणि तिने ते दीड युरो धरले होते. स्पेनमध्ये हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे ते दीड हजार. मेक्सिकोत मात्र दशांशाला टिंबच. 'बियोन' म्हणजे एकावर बारा शून्यं, इंग्रजी बिलियनला 'मिल मियोनेस' म्हणायचं. इथली चूक व्याकरणाची राहत नाही, पैशाची होते.

"स्पेनची स्पॅनिश शिकू की लॅटिन अमेरिकेची?" हा तिचा पुढचा प्रश्न. ही 20 देशांची राजभाषा आहे. बोलण्यासाठी एक धाटणी पक्की करावी आणि कान सगळ्यांना सरावावेत. स्पेनच्या बहुतेक भागांत 'ग्राथिआस', लॅटिन अमेरिकेत 'ग्रासिआस'. अर्जेंटिनात 'तू' ऐवजी 'वोस'. दरपत्रकाला स्पेनमध्ये 'प्रेसुपुएस्तो' म्हणतात, मेक्सिकोत 'कोतिसासिओन'. 'कोखेर' हे क्रियापद स्पेनमध्ये 'घेणे' या अर्थाने रोज चालतं, मेक्सिको आणि अर्जेंटिनात ते अश्लील आहे. बस पकडायची असली तरी तिथे 'तोमार' म्हणावं.

संस्कृतीच्या पेपरला तिने सण आणि नृत्यं पाठ केली होती. ते ठीक. पण नावात सहसा आधी वडिलांचं आडनाव येतं आणि मग आईचं, हे धड्यात असूनही पत्रात उतरलं नव्हतं. गार्सिया लोपेस या गृहस्थांना तिने 'सेन्योर लोपेस' केलं होतं. ते 'सेन्योर गार्सिया', आणि 'एस्तिमादो सेन्योर गार्सिया' नंतर स्वल्पविराम नाही, विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं. 'एन' वरची लाटही गाळू नये. 'आन्यो' म्हणजे वर्ष, लाट गेली की 'आनो', म्हणजे गुदद्वार. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर हे परवडत नाही.

आता घरच्यांचा मुद्दा. नुसत्या स्पॅनिशवर नोकरी मिळेल अशी आशा दाखवणं चूक ठरेल. आणि मुख्य विषय मागे राहिला असता तर एक सत्र थांब, असंच सांगितलं असतं. तिचा एकही विषय राहिला नव्हता. भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवर ए-1 ते सी-2 अशा सहा पातळ्या आहेत. भाषेचा कामाला उपयोग साधारण बी-2 पातळीपासून होतो. ए-2 वर सोडलं तर गेलेले तासही फारसे हाती लागत नाहीत.

प्रमाणपत्रासाठी डेले किंवा सिएले. डेले ही इन्स्टिट्यूटो सेर्व्हांतेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची परीक्षा, पातळी आधी निवडायची आणि उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. बी-2 ला वाचन-लेखनाचा एक गट आणि श्रवण-संभाषणाचा दुसरा, प्रत्येकात 50 पैकी 30 हवेत. म्हणजे लेखनावर संभाषण तरून जात नाही. प्रमाणपत्राला मुदत नाही. सिएले संगणकावर होते, 1000 पैकी गुण, नापास असा प्रकार नाही, मुदत 5 वर्षं. तिला तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर आधी सिएले द्यायला सुचवलं. कुठलं अंग कच्चं आहे ते त्यात वेगळं दिसतं.

चार महिन्यांनी ती वही घेऊन आली. तिसरा रकाना भरलेला, रेकॉर्डिंग ऐंशीच्या आसपास. पहिलं आणि शेवटचं लागोपाठ ऐकवून म्हणाली, "पहिलं ऐकवत नाही हो." 'पोर' आणि 'पारा' मात्र अजून चुकतात. मराठीत दोन्हींना 'साठी' चालतं. 'सवलतीसाठी आभार' याला 'पोर', कारण मागे घडलेलं कारण आहे. 'हे तुमच्यासाठी' याला 'पारा', कारण पुढे रोख आहे. त्या पानावर तिने पेन्सिलीने दोन बाण काढले होते, एक मागे, एक पुढे.