डोंगरउतारावरचा साग तोडल्यावर पावसाळ्यात माती वाहून जाऊ नये म्हणून काय करावं?

दादा, तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी मालकीची उताराची जमीन, तयार झालेला साग, तोडीची परवानगी मिळालेली, आणि खाली भावकीची केळी. गाळ खाली उतरला की भांडण ठरलेलंच.

माझं मत विचाराल तर सगळ्यात आधी ओढणीच्या वाटांकडे, म्हणजे कापलेले ओंडके ओढून नेण्याच्या वाटांकडे बघा. झाड कापलं तरी मुळं जमिनीतच असतात. साग तर खोडातून पुन्हा फुटतो आणि माती धरून ठेवतो, म्हणून बुंधे उपटू देऊ नका, जमिनीलगत कापून तसेच ठेवा. ट्रॅक्टरने ओंडके ओढलेली वाट मात्र दाबून कडक होते, तिच्यात पाणी फारसं मुरत नाही. 3 मीटर रुंद, 100 मीटर लांब वाटेवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 15,000 लिटर पाणी होतं. एवढं पाणी एकाच चाकोरीतून धावलं की तिथे घळ पडते.

तोडणारे ओंडके सहसा खाली ओढतात, सोपं पडतं म्हणून. तसं केलं की सगळ्या वाटा खाली एका ठिकाणी मिळतात आणि पाणीही तिथेच गोळा होतं. गाडी लागेल अशी सपाट जागा वरच्या अंगाला असेल तर ओंडके वर ओढून घ्या. मग वाटा खालच्या बाजूला फाकत जातात, पाणी पसरतं आणि पाल्यात मुरतं. डिझेल जास्त जाईल, कुरकुर ऐकावी लागेल. वर रस्ताच नसेल तर निदान उभ्या उतारावरून सरळ खाली ओढू देऊ नका, वाट तिरपी काढा. आणि उन्हाळ्यात कोरडा ओहळ म्हणजे आयता रस्ता वाटतो, त्यात ट्रॅक्टर घालू देऊ नका. ओहळाच्या दोन्ही बाजूंना 10-15 मीटरचा पट्टा गवत-झुडपांसकट तसाच राहू द्या.

ओढणी संपली की वाटांवर तिरपे चर खणा, निघालेल्या मातीचा वरंबा चराच्या खालच्या अंगाला घालून दाबून घ्या. 10 मीटरला 1 मीटर उतार असेल तर साधारण 25 मीटरवर एक चर, उतार दुप्पट असेल तर 15 मीटरवर. चर अगदी आडवा नको, पाणी तुंबून वरंबा फोडतं. त्याचं तोंड पाल्याच्या किंवा गवताच्या जागेत सोडा, ओहळात नाही आणि केळीच्या बांधावर तर मुळीच नाही.

फांद्या जाळू नका, उताराला आडव्या टाका आणि जमिनीला टेकतील अशा तोडून दाबा. सागाखालची जमीन आधीच उघडी असते. मोठ्या पानांवरून पडणारे टपोरे थेंब माती उडवतात, पाला वणव्यात जातो, म्हणून साग दाट दिसला तरी खालून धूप चालूच असते. जुन्या घळी असतील तर अनगड दगडांचे बुटके बांध घाला. दगड तिथेच आहेत, मातीचा बांध पहिल्या लोंढ्यात जातो.

हे फक्त भावकीपुरतं नाही. चोपडा-यावल-रावेरच्या पायथ्याला गोट्या-वाळूचा जो थर आहे, त्यातून ओढ्यांचं पाणी मुरून विहिरींना मिळतं. बारीक गाळ त्या थरावर बसला की पाणी मुरणं कमी होतं.

वेळेचं म्हणाल तर तोड आणि ओढणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत उरका. आखाजीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतगडी, नव्या सालाला लागतात, मग चर खणायला माणूस मिळत नाही, आणि वळवाच्या पावसात ओल्या जमिनीवर ट्रॅक्टर फिरला तर नुकसान दुप्पट. ठेकेदाराशी बोलणी करताना चर आणि फांद्यांचं काम कागदावर लिहून घ्या, थोडी रक्कम मृगाचा पहिला पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. त्या पावसात स्वतः छत्री घेऊन वाटेने चालत जा. कुठला वरंबा फुटतोय ते तेव्हाच दिसतं, फावडं सोबत असू द्या.