एमजी टीसीच्या इंजिनातील मेट्रिक बोल्ट मूळचे असू शकतात का?

आपल्या वडिलांच्या १९४८ च्या एमजी टीसी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनावर इंचाऐवजी मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे, आटे निघाले, म्हणून सगळे बोल्ट कोणीतरी बदलले आहेत असे मेकॅनिकने सांगितले, आणि आता गाडीसोबतच्या पिशवीतले पाने तरी मूळचे आहेत का, असे आपण विचारले आहे. कृपया ते बोल्ट टाकून देऊ नका. ते मूळचे असण्याचीच शक्यता अधिक आहे.

एमजी ज्या समूहातली, त्या मॉरिस या इंग्लिश मोटार कंपनीने १९२३ मध्ये कोव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. तिथले काम मेट्रिक आट्यांवर चालत असे आणि तीच रीत पुढे टीसीच्या १२५० सीसी एक्सपीएजी इंजिनापर्यंत टिकली. इंग्लंडमधल्या गॅरेजांत मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाचे पाने असत, म्हणून बोल्टांची डोकी त्या मापाची ठेवली गेली. मेट्रिक आटे आणि व्हिटवर्थ डोके ही विचित्र वाटणारी जोडीच या इंजिनाची खरी ओळख आहे. चॅसिसवर मात्र बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) हे बारीक इंची आटे असतात.

व्यास मोजणाऱ्या नुसत्या व्हर्निअरवर विसंबू नका. ५/१६ बीएसएफ बोल्टाचा व्यास ७.९४ मिमी भरतो, त्यामुळे ८ मिमीचा थोडा झिजलेला बोल्ट आणि तो यांत फरक कळत नाही. पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर; ते मोजणारा पिच गेज लावून पाहा: मूळ ८ मिमी बोल्टाची पिच १.० मिमी असते, बीएसएफची इंचाला २२ आटे म्हणजे साधारण १.१५ मिमी, आणि आज दुकानात सहज मिळणाऱ्या एम ८ बोल्टाची १.२५ मिमी. हा शेवटचा बोल्ट मूळ भोकात जातच नाही. कोणी जोर लावून बसवला असेल, तर ब्लॉकमधले आटे गेले असे समजावे. बडोद्यात एका टीसीचे काम करताना मी स्वतः असे अस्सल बोल्ट बदली समजून बाजूला काढले होते, आणि ते भंगारात जाण्याआधी परत मिळाले याचे समाधान मला आजही वाटते.

पान्यांबद्दल. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टाच्या व्यासाचा असतो, तोंडाचा नव्हे; १/४ डब्ल्यू (व्हिटवर्थ) असा छाप असलेल्या पान्याचे तोंड ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी असते. त्या मापाच्या नटावर १३ मिमीचा पाना चढत नाही आणि १४ चा निसटतो, म्हणून ज्या गाडीवर चुकीच्या पान्यांनी काम झाले तिच्या नटांचे कोपरे गोल झालेले दिसतात. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचे २१ गन सॅल्यूट प्रदर्शन भरले होते, तेव्हा बॉनेट उघडे असेल तिथे मी रंगाआधी हे कोपरेच पाहत होतो. आपल्या पिशवीत ‘एएफ’ (अक्रॉस फ्लॅट्स, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर) छापाचा पाना असेल तर तो नंतर आलेला आहे, कारण ते माप युनिफाइड या नंतरच्या इंची आट्यांबरोबर रूढ झाले आणि टीसीत ते आटे नाहीत. ‘ॲबिंग्डन’ हा छाप पाहून मात्र हुरळून जाऊ नये. एमजीचा कारखाना ॲबिंग्डन गावात होता हे खरे, पण किंग डिक पाने बनवणारी बर्मिंगहॅमची कंपनीही हेच नाव वापरत असे. तो पाना त्या काळचा असू शकतो. तो याच गाडीबरोबर आला, हे त्यावरून ठरत नाही.

गाडीचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या डायनॅमोवर आणि डिस्ट्रिब्यूटरवर क्रमांकाजवळ महिना आणि वर्ष ठोकलेले असते. ही तारीख गाडी तयार होण्याच्या थोडी आधीची हवी. नंतरची असेल तर भाग लुकासचाच, पण बदललेला.

इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवरील अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो. तो आणि चॅसिस क्रमांक जुन्या आरसी बुकाशी ताडून पाहा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते, त्यामुळे ही नोंद उपयोगी पडेल. हे सारे सफाई आणि प्लेटिंग करण्यापूर्वी करा, आणि काढलेला प्रत्येक बोल्ट कोणत्या भोकातला आहे ते चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर बांधून ठेवा.