मारियानो गाल्वेस एवढे निष्णात वकील होते, मग त्यांची सत्ता का गेली?

कॉलऱ्यामुळे. पण तेवढं लिहून सोडवत नाही, कारण मीही वकील आहे आणि असाच एकदा पदावरून उतरलोय.

गाल्वेस १८३१ ते १८३८ मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालाचे प्रमुख. शाळा चर्चच्या हातून काढून घेतल्या, नोंदणी विवाह आणि घटस्फोट आणला. आणि १ जानेवारी १८३७ पासून अमेरिकन कायदेपंडित लिव्हिंगस्टन साहेबांची फौजदारी संहिता लागू केली. ही लिहिली होती अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यासाठी, तिथे ती कधी मंजूरच झाली नाही! गाल्वेस यांचे उदारमतवादी सहकारी बारुंदिया यांनी भाषांतर केलं, गाल्वेस यांनी राबवली. गावच्या गावं निरक्षर, तिथे ज्युरी. संहितेप्रमाणे तुरुंगात स्वतंत्र कोठड्या हव्यात, म्हणून गावकऱ्यांनाच वेठीला धरून त्या बांधून घेतल्या. वर डोईपट्टी. त्यात कॉलरा आला. सरकारने औषधं पाठवली, नाकेबंदी केली, तर गावागावांत बोभाटा की सरकार पाण्यात विष कालवतंय. पाद्र्यांनी आणखी हवा दिली. गावकऱ्यांचा पुढारी कारेरा, त्याचं बंड तिथेच पेटलं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी असताना बी विंगमध्ये तीन मुलांना कावीळ झाली, म्हणून टाकीत क्लोरीन वाढवलं. रीतसर नोटीस लावली होती. इंग्रजीत, दोन पानी, उपविधीच्या कलमांसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात ही गर्दी. एका काकूंनी पेला माझ्या नाकाशी धरला, "वकीलसाहेब, आधी तुम्ही प्या." प्यायलो. वास येतच होता, खोटं कशाला बोलू. महिन्याभरात विशेष सभा आणि मी घरी.

मेहुणा अजून म्हणतो, "भाऊजी, लोकांची लायकीच नाही." गाल्वेसबद्दलही हेच ऐकाल, काळाच्या पुढे होते वगैरे. साफ चूक. ज्याला कायदा पाळायचाय त्याला तो वाचता येत नसेल, तर दोष लिहिणाऱ्याचा. ती नोटीस इंग्रजीतच हवी, नाहीतर वजन पडत नाही, हा हट्ट कुणाचा होता हे मेहुण्याला चांगलं आठवतं.

अर्थात कॉलरा नसता तर कदाचित निभावलं असतं. शिवाय बंड मोडायला गाल्वेस यांनी जी दडपशाही केली, तिच्यामुळे बारुंदियाच उलटले, ते वेगळंच. १८३८ च्या सुरुवातीला कारेराची माणसं राजधानीत घुसली, गाल्वेस पायउतार झाले, संहिताही गुंडाळली गेली. पुढे मेक्सिकोत वकिली केली, तिथेच १८६२ मध्ये वारले.

आमच्या नव्या सेक्रेटरीने क्लोरीन तेवढंच ठेवलंय. नोटीस चार ओळींची लावतो, मराठीत.