वाचकांचे प्रश्न : व्होडका महाग कशामुळे?

प्रश्न : महागड्या व्होडकाच्या बाटलीवर ‘पाच वेळा डिस्टिल्ड’ असं लिहिलेलं असतं. ती तीन वेळावालीपेक्षा खरंच सरस असते का? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : त्या आकड्यावर जाऊ नका. तांब्याच्या भांड्यातून दारू गाळताना फेऱ्या मोजण्याला अर्थ होता. आज कारखान्यात उंच स्तंभ असतात आणि त्यांत एकावर एक भोकांच्या ताटल्या. वर चढणारी वाफ प्रत्येक ताटलीवर थोडी निवते, पुन्हा उकळते. त्यामुळे एका फेरीतच कितीतरी वेळा गाळून होतं. बाहेर येतं ते साधारण ९६ टक्के अल्कोहोल, म्हणजे स्पिरिट. त्यापुढे नुसतं उकळून फारसं काही साधत नाही, कारण ९७ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि अल्कोहोलची वाफ एकत्रच होऊ लागते.

फरक पडतो तो काय काढून टाकलं यात. स्तंभाच्या माथ्याशी नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येणारं इथाइल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड जमतं, खालच्या बाजूला फ्युजेल तेल, म्हणजे उग्र वासाची जड अल्कोहोलं. ते काढताना थोडं चांगलं स्पिरिटही जातं. हा तोटा सोसायचा की नाही, इथे उत्पादकाची नियत दिसते.

मग पाणी. ४० टक्क्यांच्या १०० लिटर व्होडकासाठी सुमारे ४२ लिटर स्पिरिट लागतं. पाणी मात्र ५८ नाही, ६१ लिटरच्या आसपास घालावं लागतं, कारण दोन्ही मिसळल्यावर एकूण आकारमान घटतं. हे पाणी क्षार काढलेलंच हवं. जड पाणी वापरलं तर काही काळाने व्होडका गढुळते, तळाशी पांढरा साका बसतो. वास काढण्यासाठी व्होडका सक्रिय कोळशातून, म्हणजे वास शोषणाऱ्या खास कोळशातून, गाळतात. तिथेही प्रमाण सांभाळावं लागतं. संपर्क कमी झाला तर उग्र वास राहतो, फार लांबला तर अल्डिहाइड नव्याने तयार होऊ शकतं. म्हणून ‘दहा वेळा कोळशातून’ हेही भूषण नव्हे. उरलेली किंमत कर, जाहिरात आणि जाड काच यांची. त्यातलं काहीच पेल्यात उतरत नाही.

प्रश्न : व्होडका बटाट्याची असते म्हणतात. मग आपल्या मालव्यातल्या एवढ्या बटाट्याची का होत नाही? (एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर : बहुतेक व्होडका धान्याची असते. ग्रे गूज फ्रान्सच्या गव्हाची, बेल्व्हेडेअर पोलंडच्या रायची (राय हे गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे). शोपॅनसारख्या थोड्याच प्रसिद्ध व्होडका बटाट्याच्या आहेत. कारण साधा हिशेब. बटाट्यात स्टार्च १७ टक्क्यांच्या आसपास, गव्हात ६० टक्क्यांहून जास्त. एक लिटर व्होडकाला बटाटे चार किलो तरी लागतील, गहू किलोभराहून थोडाच जास्त. बटाट्यातल्या पेक्टिन या चिकट घटकामुळे मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलही अधिक होतं, ते वेगळं करावं लागतं. शिवाय मालव्याच्या बटाट्याला चिप्सवाले गिऱ्हाईक आहेतच.

स्टार्च यीस्टला थेट खाता येत नाही. आधी शिजवायचं, मग ६०-६५ अंशांवर एन्झाइम घालून त्याची साखर करायची, ३० अंशांच्या आसपास निववून यीस्ट घालायचं. आंबवण फार तापली तर यीस्ट दमतं आणि फ्युजेल तेल वाढतं. हे सगळं परवानाधारक कारखान्याचं काम. घरी करणं गुन्हा आहे आणि जिवावरही बेतू शकतं.

प्रश्न : चव कशी पारखावी? फ्रीजरमधून काढून लगेच? (एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : पारखायची असेल तर नाही. गारठ्यात दोष झाकले जातात, म्हणून सुमार व्होडका अगदी थंड पिण्याचाच सल्ला मिळतो. इंदूरच्या मे महिन्यात मात्र बाटली वीसेक मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. अरुंद तोंडाच्या पेल्यात ३० मिली घ्या, नाक थोडं दूर धरून वास घ्या, मग तेवढंच साधं पाणी घाला. पाण्याने दोष उघडे पडतात. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर अल्डिहाइड राहिलं आहे असं समजा. गव्हाची व्होडका मऊ, किंचित गोडसर लागते. रायची मिरीसारखी तिखट. बटाट्याची जिभेवर दाट, सायीसारखी.

देशी बाटली बहुधा ४२.८ टक्क्यांची, परदेशी ४० ची. तुलना करताना देशीच्या १०० मिलीत ७ मिली पाणी घाला, नाहीतर जादा जळजळ तिच्या माथी उगाच मारली जाईल.

प्रश्न : फ्रीजरमध्ये बाटलीत बर्फ झाला. माल बनावट का? (तेच वाचक)

उत्तर : शंका घ्यायला जागा आहे. ४० टक्क्यांची व्होडका उणे २७ अंशांच्या आसपास गोठू लागते, घरचा फ्रीजर उणे १८ चा. नुसती घट्टसर झाली तर ठीक. बर्फाचे खडे दिसले तर तिच्यात बरंच पाणी घातलेलं आहे. ती पिऊ नका, बिलासह दुकानदाराकडे परत न्या.