पाणी कुठं थांबतंय, ते आधी शोधा

प्रश्न : माझी खाऱ्या पाण्याची टाकी चार फुटी आहे, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट. दोन वर्षं झाली. दोन क्लाउन, तीन डॅमसेल असे पाच मासे आणि मशरूम, झोअँथिड ही मऊ प्रवाळं आहेत. हल्ली वाळूवर आणि दगडांवर तपकिरी गाळ साचतोय, हात घातला की सगळं पाणी गढूळ होतं. एका कोपऱ्यात वाळूवर लालसर चिकट साय धरलीय. नायट्रेट ६० आणि फॉस्फेट ०.३ (लिटरमागे मिलिग्रॅम) आलं. झोअँथिड नीट उघडत नाहीत. दुकानदार म्हणतो समुद्रकाकडी (गाळ खाणारा, काकडीच्या आकाराचा समुद्री प्राणी) सोडा आणि बॅक्टेरियाची बाटली ओता. मित्र म्हणतो दगड बाहेर काढून उकळून घ्या. कुणाचं ऐकू? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : मित्राचं तर अजिबात ऐकू नका, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. झोअँथिड बसलेला दगड उकळायचा नाही, गरम पाण्याखाली धरायचा नाही, बाहेर काढून ब्रशनं घासायचा नाही. झोअँथिड आणि त्यांच्याच भावकीतल्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. दगड उकळल्यावर किंवा घासल्यावर ते वाफेतून, तुषारांतून श्वासात जाऊन घरातली सगळी माणसं दवाखान्यात दाखल झाल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. टाकीत काम करताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. सायफन सुरू करायला नळीला तोंड लावायचं नाही; नळी पाण्यात बुडवून भरून घ्या, टोकाला अंगठा दाबा आणि खाली बादलीत सोडा.

समुद्रकाकडीही नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत सगळ्या समुद्रकाकड्या आहेत, कठीण सांगाडा बांधणारी प्रवाळंही आहेत. दुकानात मिळते म्हणून ती घेणं कायदेशीर ठरत नाही. शिवाय ती टाकीत मेली किंवा पंपात अडकली, तर तिच्या अंगातल्या विषानं मासे जाऊ शकतात.

आता गाळाकडे वळू. उद्यमनगरात माझं पंपदुरुस्तीचं काम चालतं, त्यामुळे कुठलीही टाकी बघितली की माझी नजर आधी पाणी कुठं फिरतंय आणि कुठं थांबतंय तिकडं जाते. तुमचा गाळ म्हणजे माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, मेलेलं शेवाळ आणि त्यावर पोसलेले जिवाणू. तो साचून कुजला की अमोनिया सुटतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि त्याच गाळातून फॉस्फेटही पाण्यात उतरतं. रंकाळा हिरवा का पडायचा हे कोल्हापूरकराला सांगायला नको. सांडपाण्यातून हीच दोन खतं तळ्यात जात होती. तुमच्याकडे तेच २५० लिटरमध्ये चाललंय. ती लालसर साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे वाढणारे जिवाणू. खत भरपूर आणि पाणी संथ, अशी जागा त्यांना आवडते, म्हणून तर त्या एकाच कोपऱ्यात धरलीय.

एक साधी तपासणी करा. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची मोठी सिरिंज आणा, सुईशिवाय. तिच्या तोंडाला हातभर हवेची नळी लावा. रात्री टाकीचे दिवे बंद करून बाजूच्या काचेतून टॉर्च मारा आणि नळीनं दगडांच्या मागं, खाली, फटीत हलकेच पाणी सोडा. गाळाचा ढग उठेल. आता हात बाहेर काढून फक्त बघत राहा. जो ढग दोन-चार मिनिटांत ओव्हरफ्लोकडं (जिथून पाणी गाळायला खाली जातं तिकडं) निघून जातो, तिथं तुमचं पाणी चांगलं फिरतंय. जो उठतो, घुटमळतो आणि होता तिथंच परत बसतो, ती तुमची मेलेली जागा. काचेवर बाहेरून पेननं खूण करा. बहुतेक टाक्यांत अशा जागा मागच्या काचेला चिकटवून रचलेल्या दगडांच्या पाठीमागं निघतात.

मग तिथं पाणी पोचवा. दगड मागच्या काचेपासून तीन-चार इंच पुढं घ्या, म्हणजे मागून प्रवाह जाईल. तासाभरात टाकीतल्या पाण्याच्या निदान वीसपट पाणी फिरायला हवं, म्हणजे तुमच्याकडे ५,००० लिटर. वेव्हमेकर (टाकीत प्रवाह फिरवणारा पंप) नवा घ्यायच्या आधी जुना उघडून बघा. दोन वर्षं चाललेल्या पंपाच्या रोटरवर, म्हणजे आतल्या फिरत्या भागावर, चुन्याचा थर चढलेला असतो आणि त्यानं प्रवाह चांगलाच घटतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून पंप तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशनं रोटर आणि त्याची खोबण घासा, साध्या पाण्यात धुऊन परत लावा. माझ्याकडे ‘पंप गेला’ म्हणून येणाऱ्या वेव्हमेकरांतले बरेचसे एवढ्यावरच चालू होतात. दर तीन महिन्यांनी हे करा. मशरूमवर मात्र थेट झोत नको, ते आक्रसून बसतात.

उडवलेला गाळ कुठंतरी अडकायला हवा. संपमधली, म्हणजे गाळणी-स्किमर ठेवलेल्या खालच्या टाकीतली, २०० मायक्रॉनची पिशवी त्यासाठीच असते, पण ती दर तीन दिवसांनी बदलली तरच. आठवडाभर तशीच ठेवली, तर अडकलेला गाळ पिशवीतच कुजतो आणि त्याचं नायट्रेट परत टाकीतच येतं. दोन-तीन पिशव्या ठेवा, उलटी करून जोराच्या पाण्यानं धुवा, कडक उन्हात वाळवा. साबण, डिटर्जंट अजिबात नको. स्किमरचं महत्त्व वेगळं आहे. पिशवी दिसणारी घाण धरते. स्किमर पाण्यात विरघळलेली घाण ती कुजायच्या आतच फेसाबरोबर उचलतो. त्याच्या मानेला आतून तेलकट थर बसला की फेस वर चढत नाही, म्हणून वरचा फेस साठणारा कप ओतताना मान दर वेळी पुसून घ्या. कपात काळ्या चहासारखं, नाक मुरडायला लावणारं पाणी साचत असेल, तर स्किमर चोख काम करतोय. संपचा तळ बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. स्किमरच्या मागं हात घालून बघा.

वाळू किती जाड आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. इंच-दोन इंच असेल, तर दर आठवड्याला एक तृतीयांश भाग सायफन करा. सगळी एकदम नको. चार इंचांहून जाड, जुनी वाळू असेल तर खालच्या थराला हात लावू नका. तिथं ऑक्सिजन नसतो, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. वरवरचं तेवढं उचला.

पाणी बदलून किती फरक पडतो, ते आकड्यांत बघा. २० टक्के पाणी बदललं की ६०चं नायट्रेट ४८ होतं, पुढच्या आठवड्यात ३८, मग ३१, मग २५. तेसुद्धा नवीन भर पडली नाही तर. गाळ तसाच ठेवून नुसतं पाणी बदललं, तर मिठाचे पैसे वाया जातात. म्हणून आधी गाळ उडवा आणि तो तरंगत असतानाच सायफन लावा. फॉस्फेट त्याहून हट्टी आहे. ते दगड-वाळूत मुरलेलं असतं आणि पाण्यातलं कमी झालं की परत बाहेर येतं. फॉस्फेट शोषणारं लोहाचं माध्यम वापरायचं असेल, तर थोडं थोडं वापरा. एकदम खाली आणलंत तर झोअँथिड आणखी रुसतील.

बॅक्टेरियाची बाटली तूर्त राहू द्या. जिवाणूंची वाढ झपाट्यानं झाली की ते ऑक्सिजन खातात, आणि गाळानं भरलेल्या टाकीत मुळातच ऑक्सिजनची ओढाताण असते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते तेव्हा नेमकं हेच अंगावर येतं. पंप थांबतात, गाळ कुजायचं थांबत नाही, आणि पहाटेपर्यंत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्या.

आणि खाणं. गोठवलेलं खाणं तसंच टाकीत टाकत असाल, तर ते आधी वितळवून चहाच्या गाळणीत धुऊन घ्या. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. पाच लहान माशांना फार लागत नाही हो.

प्रश्न : मिठाचा खर्च वाचवायला रत्नागिरीहून समुद्राचं पाणी आणावं म्हणतो. भर घालायला घरातल्या आरओचं पाणी चालेल का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : किनाऱ्यावरचं, त्यातही खाडीच्या तोंडाचं पाणी पावसाळ्यात गोडं झालेलं असतं आणि शेतातलं, गावातलं सगळं घेऊन आलेलं असतं. बंदराजवळ तेलही असतं. आंबा घाट उतरून एवढे कॅन वाहून आणायचे आणि त्यातून नायट्रेटच घरी आणायचं, हे मला पटत नाही. आरओबद्दल म्हणाल, तर पिण्याच्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा. वाफ होऊन उडालेल्या पाण्याची भर घालायला शून्य हवं. आरओच्या पुढं उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा एक डबा जोडला की काम होतं.

प्रश्न : मी इतकं स्वच्छ ठेवतो की नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येतात. तरीही वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, तारेसारखा ओढला जाणारा चिकट थर येतोय. आणखी काय साफ करू? (एक वाचक, उचगाव)

उत्तर : साफसफाई कमी करा. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव दिसतात, आणि दोन्ही आकडे शून्यावर गेले की इतर जिवाणू-शेवाळ उपाशी राहून यांचं फावतं. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ओळख असेल, तर एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघून खात्री करा. मऊ प्रवाळांच्या टाकीत नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असलेलं चांगलं. फॉस्फेट शोषणारं माध्यम काढून टाका, माशांना थोडं जास्त खायला घाला, दोन-तीन आठवडे पाणी बदलू नका आणि आठवड्यातून दोनदा मोजत राहा. तो थर मात्र बारीक नळीनं रोज ओढून काढा.