खाजगी रेल्वे साइडिंगवर वॅगनचे क्रमांक आपोआप वाचणारी यंत्रणा बसवायची असल्यास तयारी कशी करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्या सिमेंट कारखान्याच्या साइडिंगवर (मुख्य मार्गावरून कारखान्यात येणाऱ्या लाइनवर) कोळशाचे भरलेले आणि सिमेंटसाठी रिकामे असे दोन्ही प्रकारचे रेक (जोडलेल्या वॅगनच्या पूर्ण गाड्या) येतात, वॅगनचे क्रमांक आजवर माणूस रुळालगत चालत जाऊन वहीत उतरवून घेतो, आणि आता तेच काम आरएफआयडी रीडरकडून (वॅगनवरच्या टॅगमधला क्रमांक रेडिओ लहरींनी वाचणाऱ्या यंत्राकडून) करून घ्यायचे आहे. विक्रेता म्हणतो की दोन दिवसांत खांब उभे करून यंत्रणा चालू करून देतो. हे शक्य आहे का, आणि त्याआधी आपल्या बाजूने काय तयारी हवी, हे आपण विचारले आहे.

रुळालगतच्या उपकरणांची उभारणी हेच माझे काम असल्यामुळे सांगतो, की खांब दोन दिवसांत नक्कीच उभे राहतील. यंत्रणा मात्र उभी राहणार नाही, कारण या कामातला अवघड भाग टॅग वाचणे हा नाहीच. रेल्वेच्या वॅगनवर लावलेले टॅग बॅटरीशिवाय चालतात आणि त्यांचे तंत्र मूलतः टोलनाक्यावरच्या फास्टॅगचेच आहे. प्रत्येक वॅगनला दोन्ही बाजूंनी एकेक टॅग असतो. साइडिंगवर गाडी ताशी १५ किलोमीटरने आली, तर ती सेकंदाला चार मीटरहून थोडे अधिक अंतर कापते; अँटेनासमोरचा वाचनाचा पट्टा दोन मीटर रुंद धरला तरी प्रत्येक टॅगला जवळपास अर्धा सेकंद मिळतो, आणि तेवढ्या वेळात रीडर तो अनेकदा वाचतो. अवघड आहे ते वेगळेच : वाचलेला टॅग रेकमधल्या कितव्या वॅगनचा आहे हे ठरवणे, आणि जिचा टॅग निघून गेला आहे किंवा कधी लागलाच नाही अशी वॅगन समोरून गेली हे ओळखणे. नुसता रीडर टॅग नसलेल्या वॅगनविषयी काहीच बोलत नाही. ५९ वॅगनच्या रेकमधून ५७ क्रमांक हाती आले, तर उरलेल्या दोन कोणत्या, त्या कुठे जोडल्या होत्या, हे सांगण्यासाठी रुळावर चाके मोजणारे सेन्सर लागतात. म्हणून विक्रेत्याच्या प्रस्तावात सर्वांत आधी व्हील सेन्सर आहेत की नाहीत ते पाहावे. नसतील, तर पुढची बोलणी करण्यात फारसा अर्थ नाही.

सेन्सरकडून नेमके काय अपेक्षित आहे, हे एका परिचित वॅगनवरून स्पष्ट होईल. कोळशाच्या वाहतुकीत सर्रास दिसणाऱ्या बॉक्सएन वॅगनची लांबी कपलरसह १०.७१३ मीटर असते, तिच्या प्रत्येक बोगीतील (वॅगनखालच्या चार चाकांच्या सांगाड्यातील) दोन ॲक्सलमधले (चाकांच्या जोड्यांमधले) अंतर २ मीटर असते आणि दोन बोगींच्या मध्यांतले अंतर ६.५२४ मीटर असते. म्हणजे सेन्सरवरून जाणाऱ्या ॲक्सलमधली अंतरे २ मीटर, मग ४.५२४ मीटर, पुन्हा २ मीटर, आणि त्यानंतर पुढच्या वॅगनच्या पहिल्या ॲक्सलपर्यंत २.१८९ मीटर, अशी येतात. येथे मेख अशी, की बोगीच्या आतले अंतर आणि दोन वॅगनमधले अंतर यांत १९ सेंटिमीटरचाही फरक नाही. सेन्सर हे अंतर प्रत्यक्ष मोजत नाही. तो वेळ मोजतो आणि वेगाने गुणतो. चालकाने त्याच क्षणी ब्रेक लावला किंवा गाडीला झटका बसला, तर एवढा फरक सहज पुसला जातो. त्यामुळे वॅगनची सीमा ओळखण्यासाठी मधल्या साडेचार मीटरच्या अंतराचा आधार घेणारी, आणि त्याच्या जोडीला ॲक्सल एकेक करून मोजणारी प्रणाली हवी. बहुतेक इंजिनांना सहा ॲक्सल असल्यामुळे ती वेगळी ओळखता येतात, आणि जुन्या चारचाकी ब्रेक व्हॅनला दोनच ॲक्सल असल्यामुळे तिचीही नोंद प्रणालीत आधीच करून ठेवावी लागते.

याच कारणामुळे जागेची निवड हा संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो. आपल्याकडे साइडिंगमध्ये रेक पुष्कळदा इंजिनाने मागून ढकलत आणला जातो, मध्येच थांबतो, चार वॅगन मागे घेतो आणि पुन्हा पुढे जातो. जेथे असे थांबणे आणि मागेपुढे होणे नित्याचे आहे, तेथे यंत्रणा बसवणे टाळावे. वजनकाट्याशेजारी खोली, वीज आणि नेटवर्क तयार असल्यामुळे विक्रेते हमखास तीच जागा सुचवतात. चालत्या गाडीचे वजन करणाऱ्या काट्यावर वेग मर्यादित आणि बऱ्यापैकी स्थिर असतो, त्यामुळे ती सूचना वाईट नाही; पण काट्याच्या पुढे संपूर्ण रेक न थांबता मावेल एवढी लांबी आहे का, हे आधी पायी मोजून घ्यावे. भरलेल्या रेकचे शेवटचे डबे काट्यावर असतानाच इंजिन टिपलरच्या (वॅगन उलटवून रिकामी करणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी जाऊन थांबत असेल, तर रोज शेवटच्याच वॅगनचा घोळ होईल. मी स्वतः शक्य असेल तेव्हा साइडिंगच्या प्रवेशाजवळची, फाट्यांपासून दूर असलेली सरळ लांबी निवडतो. वळणावर डबे झुकतात, आवश्यक मोकळे अंतर वाढते आणि दोन्ही बाजूंच्या अँटेनांना सारखे अंतर मिळत नाही.

शेजारची लाइन हा दुसरा त्रास आहे. एका साइडिंगवर यादीत रोज असे चार-पाच क्रमांक येत होते, जे त्या रेकमध्ये नव्हतेच. शोध घेतल्यावर कळले की शेजारच्या लाइनवर उभ्या असलेल्या रिकाम्या रेकचे टॅग, दोन वॅगनमधल्या फटीतून आणि लोखंडावरून परावर्तित होणाऱ्या लहरींमुळे वाचले जात होते. तेथे रीडरची शक्ती कमी केली, अँटेना थोड्या खाली झुकवल्या आणि व्हील सेन्सरवर चाक आल्याशिवाय रीडर जागा होणार नाही अशी जोडणी केली. तेव्हा तो प्रकार थांबला. जास्त शक्ती म्हणजे जास्त चांगले वाचन, ही समजूत या कामात उलटी पडते.

शक्तीला कायद्याचीही मर्यादा आहे. भारतात अशा रीडरसाठी २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना वापरता येतो; २०२१ मध्ये तो ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवला गेला. ट्रान्समीटरची शक्ती १ वॅटपर्यंत आणि अँटेनातून प्रत्यक्ष फेकली जाणारी शक्ती ४ वॅटपर्यंत असावी लागते. परवाना नको, याचा अर्थ मान्यता नको असा होत नाही. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी उपकरणांचे काम पाहणाऱ्या) शाखेची प्रकार-मान्यता लागते, आणि त्या प्रमाणपत्राची प्रत खरेदीच्या वेळीच मागून घ्यावी. अमेरिकेत हाच पट्टा ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ आहे, त्यामुळे तिकडचा स्वस्तात मिळालेला रीडर किंवा अँटेना येथे लावू नये.

आता प्रत्यक्ष तयारीकडे येतो. साइडिंग आपली असली, तरी रुळाला हात लावण्यापूर्वी विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयाकडून लेखी संमती घ्यावी आणि सोबत आराखडा द्यावा, ज्यात रुळाच्या मध्यापासून प्रत्येक खांबाचे आडवे अंतर आणि रुळाच्या माथ्यापासून प्रत्येक वस्तूची उंची दाखवलेली असेल. रेल्वेच्या शेड्यूल ऑफ डायमेन्शन्समध्ये ही किमान अंतरे ठरवून दिलेली आहेत आणि त्यांत सूट मिळेल असे गृहीत धरू नये. मी अँटेना साधारणपणे रुळाच्या मध्यापासून तीन मीटरच्या आसपास ठेवतो, म्हणजे मर्यादाही पाळली जाते आणि वाचनही नीट होते. साइडिंगवर २५ किलोव्होल्टची ओव्हरहेड तार असेल, तर जिवंत तारेच्या दोन मीटरच्या आत कोणतेही काम पॉवर ब्लॉक (तारेतला पुरवठा ठरावीक वेळ बंद करून घेणे) आणि परमिट घेतल्याशिवाय करता येत नाही, आणि आपला प्रत्येक लोखंडी खांब रेल्वेच्या नियमाप्रमाणे अर्थ करावा लागतो. त्या खांबांना अर्थिंग नसेल, तर त्यांत प्रेरित होणारा विद्युतदाब केवळ उपकरणांनाच नव्हे, तर हात लावणाऱ्या माणसालाही धोक्याचा असतो.

व्हील सेन्सर बसवताना रुळाला भोक पाडू देऊ नये. रुळाच्या तळाला खालून पकडणारे क्लॅम्प मिळतात, तेच घ्यावेत. सेन्सर दोन स्लीपरच्या मधोमध असावा. रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचा सांधा, वेल्डिंग आणि इन्सुलेटेड जॉइंट (वीज पुढे न जाऊ देणारा सांधा) यांपासून दूर असावा. आणि जवळपास रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखणारे रेल्वेचे ॲक्सल काउंटर किंवा ट्रॅक सर्किट असल्यास सिग्नल विभागाच्या अभियंत्यासमोरच त्याची जागा ठरवावी. सर्वांत बारकाईने पाहण्याची गोष्ट म्हणजे सेन्सरच्या माथ्याची उंची. नव्या चाकाच्या फ्लँजची (रुळाच्या आतल्या बाजूला उतरणाऱ्या कडेची) उंची २८.५ मिलिमीटर असते, परंतु चाक झिजत जाते तशी फ्लँज तुलनेने खोल होत जाते आणि ३५ मिलिमीटरपर्यंत ती सेवेत चालते. सेन्सर बसवताना समोर आलेल्या नव्या चाकावरून उंची जुळवली, तर एखाद्या दिवशी झिजलेल्या चाकाची फ्लँज सेन्सरचे डोके कापून नेते. शिवाय रुळाचा माथाही वरून झिजतो, त्यामुळे उत्पादकाने दिलेले अंतर एकदाच नव्हे, तर ठरावीक काळाने पट्टीने मोजून पुन्हा जुळवावे लागते. हे काम कोणी करायचे, हे वार्षिक देखभालीच्या करारात लिहून घ्यावे. रुळाखालची खडी यंत्राने पॅक करण्याआधी सेन्सर काढून ठेवावे लागतात, ही गोष्ट पी-वेच्या (रुळांची देखभाल करणाऱ्या विभागाच्या) माणसांना आधी कळवलेली नसेल, तर सेन्सरचे तुकडेच हाती येतात.

अँटेना आणि रीडर यांमधली केबल शक्य तितकी आखूड ठेवावी. सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या चांगल्या कोॲक्सियल केबलमध्येही या वारंवारतेवर २५ मीटरमागे निम्म्याच्या आसपास शक्ती वाया जाते, आणि टॅगकडून परतणारा क्षीण संकेतही त्याच केबलमधून येत असतो. रीडर वातानुकूलित खोलीत आणि अँटेना ६० मीटरवर, ही रचना कागदावर सुबक दिसली तरी स्वीकारू नये. रीडर रुळाजवळच्या बंद पेटीत ठेवावा आणि तेथून खोलीपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यावे. वीज कडाडते तेव्हा तांब्याच्या नेटवर्क केबलपेक्षा फायबरचा फायदा कळतो. विदर्भासारख्या भागात कारखाना असेल, तर मे महिन्यातले ऊन ध्यानात घेऊन पेटीवर दुहेरी छत करावे, पेटीवर पश्चिमेचे ऊन थेट पडणार नाही हे पाहावे, आणि तिच्या तळाशी केबलची भोके नीट बंद करावीत. पाली आणि मुंग्या या यंत्रणेच्या शत्रूंच्या यादीत धुळीच्या वर येतात.

धुळीविषयी आपण काळजी व्यक्त केली आहे, पण कोरड्या सिमेंटचा किंवा कोळशाचा थर या लहरींना फारसा अडवत नाही. ती अडचण डोळ्याने वाचणाऱ्या यंत्रणांची. अमेरिकेत १९६७ साली मान्यता मिळालेली, वॅगनवरचे रंगीत पट्टे प्रकाशाने वाचणारी कारट्रॅक ही पद्धत मुख्यतः पट्टे मळल्यामुळे आणि त्यांची देखभाल न झाल्यामुळे १९७७ मध्ये सोडून द्यावी लागली. कॅमेऱ्याने क्रमांक वाचण्याची जोड आपल्या विक्रेत्याने सुचवली असेल, तर ती टॅग नसलेल्या वॅगनसाठी उपयोगी पडते; मात्र तिच्यावरच विसंबू नये. रंगवलेला क्रमांक ११ अंकी असतो, त्यात वॅगनचा प्रकार, मालक रेल्वे, निर्मितीचे वर्ष आणि अनुक्रमांक यांच्यानंतरचा शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे कॅमेऱ्याने एखादा अंक चुकीचा वाचल्यास तो गणिताने पकडता येतो. ही तपासणी संगणक-प्रणालीत आहे का, हे अवश्य विचारावे. टॅग नसलेल्या रेल्वेच्या वॅगनवर स्वतःचा टॅग चिकटवण्याचा मोह मात्र टाळावा. ते काम रेल्वेचे आहे.

चाचणी एकाच रेकवर उरकू नये. भरलेला रेक स्प्रिंगवर काही सेंटिमीटर खाली बसतो, म्हणून भरलेला आणि रिकामा असे दोन्ही तपासावेत; ओढून आणलेला आणि ढकलून आणलेला, दोन्ही तपासावेत; आणि एकदा मुद्दाम वाचनाच्या पट्ट्यात रेक थांबवून, काही वॅगन मागे घेऊन पुन्हा पुढे न्यायला सांगावे. मागे गेलेले ॲक्सल प्रणालीने वजा केले, तरच शेवटची बेरीज जुळेल. पावसात एक चाचणी झाली तर उत्तम, कारण टॅगवर साचलेल्या पाण्याच्या थराने वाचन कोरड्या धुळीपेक्षा अधिक मंदावते. प्रत्येक वेळी वहीत हाताने उतरवलेली यादी आणि यंत्राची यादी क्रमासह शेजारी ठेवून पाहावी, आणि डाव्या व उजव्या अँटेनाचे वाचन वेगवेगळे मोजावे. दोन्ही मिळून सगळे क्रमांक आले, पण एका बाजूने दहातले तीन सुटत असतील, तर ती बाजू जुळवल्याशिवाय स्वीकृतीच्या कागदावर सही करू नये. आज दुसऱ्या बाजूने झाकलेली ही उणीव, त्या बाजूचे टॅग जसजसे निखळत जातील तसतशी यादीत दिसू लागेल. वही घेऊन चालणाऱ्या माणसालाही निदान एक पावसाळा पार पडेपर्यंत त्याच कामावर ठेवावे.