बांध उंच करायचा, की आधी उघाडी बघायची?

प्रश्न: धरमतर खाडीलगत आमची दोन एकर खारी जमीन आहे. दोन वर्षांपूर्वी उधाणात बंधाऱ्याला खांड (भगदाड) गेली, भात गेलं. आता कोपऱ्यात तिवरं (कांदळवनाची, खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं) उगवलीत. ती तोडून बांध वाढवला तर चालेल का?

उत्तर: तिवरं तोडू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर सातबारा कुणाचा का असेना, कांदळवन तोडता येत नाही. तुमचा राग मला कळतो, कारण ही तिवरं खांडीतूनच आत आली. खारं पाणी येत राहिलं की बी रुजतं, आणि रुजलं की शेत हातचं जातं. म्हणून खांड त्याच उन्हाळ्यात बुजवायला हवी होती. पूर्वी गावकी जोळ पद्धतीने हे काम एकत्र करायची. आता तुमचा बंधारा खारभूमी विकास विभागाच्या योजनेत आहे का ते विचारा, आणि अर्ज सगळ्या खातेदारांचा मिळून द्या. कोपऱ्यातल्या तिवरांच्या हद्दीबाबत मात्र काम काढण्यापूर्वी वनविभागाकडून लेखी खात्री करून घ्या.

बांधाबाहेरची तिवरं तर तुमच्या फायद्याचीच. लाटेचा मार त्यांच्यावर बसतो, गाळ तिथे धरतो. ती नसतील तर उंच बांधही पायथ्यातून खचतो. माती घालाल तेव्हा खाडीकडचा उतार पसरट ठेवा, खेकड्यांची बिळं चिकणमाती ठोकून बुजवा. आणि माती बांधाच्या पायथ्यालगतची उकरू नका! ही चूक मी दरवर्षी बघतो.

खरं दुखणं बहुधा उघाडीत, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेच्या दारात असतं. ओहोटीला झडप उघडून शेतातलं पाणी जायला हवं, भरतीला ती घट्ट मिटायला हवी. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या दोन दिवसांत भरतीच्या वेळी तिथे उभे राहा, आत पाणी झिरपतं का ते दिसेल. मुसळधार पाऊस आणि उधाण एकदम आलं की झडप मिटलेलीच राहते आणि पावसाचं पाणी शेतात तुंबतं. समुद्राची पातळी चढतेय, पाऊसही थोड्या वेळात जास्त पडतोय, तेव्हा हे वाढणारच. त्यावर उपाय म्हणजे सगळ्यात सखल तुकडा पाण्याला देऊन टाका. तिथे तळं खणा, शेतातले चर तिकडे वळवा. पेण-अलिबागकडे अशा तळ्यात जिताडा मासा पोसतात, तुम्हीही पोसा. फक्त माशांसाठी उघाडी उघडून खारं पाणी आत घेऊ नका, शेजाऱ्याचं भात जाईल.

उरलेल्या जमिनीत पहिले पाऊस बांधात अडवून दोन-तीनदा पाणी बाहेर काढा, मीठ धुऊन जातं. बियाणं पनवेल-2 किंवा पनवेल-3 या खार सोसणाऱ्या भाताचं घ्या. काळा रता हा जुना गावठी भात घरात असेल तर तोही चालेल. लावणीला रोप जरा जून घ्या, एका चुडात चार-पाच काड्या. जिप्सम मात्र दुकानदार सांगतो म्हणून टाकू नका. आधी मातीचा सामू (पीएच) आणि क्षारता तपासून अहवाल घेऊन या, मग बोलू.